डब्याच्या झाकणावरचं शहर

टालिनमधला माझा पहिला डिसेंबर. ऑफिसात नाताळच्या आधीच्या शुक्रवारी प्रत्येकानं दुसऱ्याला एक छोटी भेट द्यायची, अशी पद्धत होती. माझ्या टेबलावर माझ्या टीममधल्या मैत्रिणीनं एक पत्र्याचा डबा ठेवला. हातात मावेल एवढा, चपटा, आणि झाकणावर काळ्या रेषेत काढलेलं शहर: एक उंच टोकदार मनोरा, शेजारी टेकडी, टेकडीवर घुमट आणि बुरूज. आत 'किलू' नावाचे बोटभर लांबीचे मासे, मीठ आणि मसाल्यात मुरवलेले. मी सांगलीची. नदीतली मासळी माहीत, समुद्राची जवळजवळ नाहीच. तिनं राईच्या काळ्या पावाच्या तुकड्यावर लोणी लावलं, त्यावर उकडलेल्या अंड्याची चकती आणि वर एक किलू आडवा ठेवून दिला. मिरी, तमालपत्र, लवंग. चव थेट लोणच्याच्या बरणीजवळ जाणारी. मला आवडलं, आणि मी डबा घरी नेला.

मग कळलं की टालिनच्या क्षितिजरेषेला इथले लोक 'किलुकार्बी सिलुएट' म्हणतात, म्हणजे किलूच्या डब्यावरची छायाकृती. नवी उंच इमारत बांधायचा प्रस्ताव आला की वर्तमानपत्रात वाद होतो, की यामुळे किलूच्या डब्यावरचं चित्र बिघडेल का. शहरावरून डबा ओळखावा तर इथे उलटं, डब्यावरून शहर.

पुढच्या उन्हाळ्यात हेलसिंकीहून बोटीनं परत येताना ते चित्र पहिल्यांदा समोर दिसलं. ओलेव्हिस्ते चर्चचा मनोरा, टूंपेआची टेकडी, सगळं झाकणावर होतं तसंच. मी उत्साहानं मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं : 'माझ्या आजीनं आयुष्यभर हे डबे भरले. पण हे चित्र जिथून दिसतं, तिथे ती कधीच गेली नाही. तिला परवानगी नव्हती.'

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे. साडेतेरा लाखांच्या आसपास वस्ती आणि जवळपास ३,८०० किलोमीटरचा किनारा असलेल्या देशात, मासळी डब्यात भरणाऱ्या बाईला समुद्रात जायची परवानगी का नसावी?

ना धड खारं, ना धड गोडं

आधी समुद्राबद्दल थोडं. बाल्टिक हा नावाला समुद्र आहे. शेकडो नद्या त्यात गोडं पाणी ओततात, आणि अटलांटिकचं खारं पाणी येतं ते डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांतून, तेही अधूनमधून. महासागराच्या पाण्यात हजारात पस्तीस भाग मीठ असतं. टालिनसमोरच्या फिनलंडच्या आखातात ते सहा-सातच्या घरात असतं. अशा निमखाऱ्या पाण्यात फार थोड्या जाती टिकतात, आणि ज्या टिकतात त्या लहान होतात. अटलांटिकची हेरिंग इथे येऊन वीतभराची झाली. तिला एस्टोनियन लोक 'रैम' म्हणतात. २००७ साली तिला राष्ट्रीय मासा म्हणून निवडलं गेलं. किलू म्हणजे तिची धाकटी बहीण, स्प्रॅट. दोन्ही आपल्या तारलीच्या कुळातल्या.

गरिबाचा मासा आणि गरिबाची भाकरी हीच किनाऱ्याची जमाखर्चाची वही होती. पण मासा टिकवायला मीठ लागतं, आणि एवढ्या अळणी समुद्रातून, एवढ्या कमी उन्हात मीठ काढणार कसं? मध्ययुगात टालिन (तेव्हाचं रेव्हाल) हान्सा व्यापारी संघातलं शहर होतं. तिथल्या गोदीत उतरणाऱ्या मालात मीठ सगळ्यात महत्त्वाचं. आधी जर्मनीतल्या ल्युनेबुर्गचं, मग फ्रान्स-पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचं. मीठ आत यायचं, धान्य बाहेर जायचं. शहरातले व्यापारी जर्मन, जमीनदार जर्मन, आणि जाळं ओढणारा एस्टोनियन किंवा बेटांवरचा स्वीडिश कूळ. समुद्रातल्या माशावरही जमीनदाराचा वाटा असायचा.

एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्याची राजधानी सेंट पीटर्सबर्ग हाताच्या अंतरावर होती. मसाल्यात मुरवलेले 'रेव्हालचे किलू' तिथल्या मेजवान्यांत जाऊन बसले. रोजचं खाणं असलेला मासा मसाल्यामुळे चैनीची वस्तू झाला. गंमत म्हणजे, आज माझ्या फ्रिजमध्ये असलेल्या डब्याचा पूर्वज तोच.

मासे का कमी झाले?

या गोष्टीत मला सगळ्यात आवडलेला माणूस मच्छीमार नाही. कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर, जन्म १७९२, एस्टोनियातल्या पीबे गावच्या जमीनदार घराण्यातला. सस्तन प्राण्यांचं बीजांड पहिल्यांदा ओळखलं ते यानं, १८२७ साली. भ्रूणशास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव असतंच. युरो येण्याआधी एस्टोनियाच्या दोन क्रूनच्या नोटेवर त्याचा चेहरा होता.

१८५१ साली, वयाच्या साठीजवळ, सरकारनं त्याला एक साधा प्रश्न सोडवायला पाठवलं : पेइप्सी सरोवरातले मासे कमी का होत आहेत? पेइप्सी हे युरोपातल्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी एक, साडेतीन हजार चौरस किलोमीटर. आज त्याच्या मधून एस्टोनिया आणि रशियाची सरहद्द जाते. काठावर रशियातून धर्मछळामुळे पळून आलेले 'जुने श्रद्धावंत' कांदा पिकवत आणि मासे पकडत. आजही पिकवतात.

बेअर गावोगाव फिरला, जाळी मोजली, मच्छीमारांशी बोलला. निष्कर्ष आज ऐकायला अगदी सोपा वाटतो : जाळ्यांची वीण फार बारीक आहे. अजून एकदाही अंडी न घातलेली पिल्लं पकडली जाताहेत. जाळ्याची भोकं मोठी करा, अंडी घालायच्या काळात मासेमारी थांबवा. समुद्रातले मासे संपणारच नाहीत, असं भल्या भल्या शास्त्रज्ञांना पुढची कित्येक वर्षं वाटत होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पुढे तो कॅस्पियनला गेला. तिथे शॅड जातीचा मासा खाण्याजोगा नाही असं समजून फक्त तेलासाठी उकळला जाई. बेअरनं सुचवलं, मीठ लावून पाहा. क्रिमियाच्या युद्धात परदेशी हेरिंगची आवक अडली, आणि तो खारवलेला मासा रशियाभर खपू लागला. म्हणजे एका ठिकाणी त्यानं कमी पकडायला सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी पकडलेलं वाया घालवू नका म्हणाला. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मत्स्यव्यवसायाच्या धोरणात या दोन वाक्यांपलीकडे फारसं काही भरलं गेलेलं नाही, असं मला वाटतं. अडचण कायम एकच असते : हे सांगणाऱ्याचं ऐकायचं कुणी?

मैत्रीचा व्यापार आणि स्पिरिट

१९१८ साली एस्टोनिया स्वतंत्र झाला. जमीनदारांच्या इस्टेटी सरकारनं घेऊन वाटल्या, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला पहिल्यांदा स्वतःची जमीन आणि स्वतःची होडी मिळाली. पण पीटर्सबर्गची जुनी बाजारपेठ सरहद्दीपलीकडे गेली होती. एका रात्रीत गिऱ्हाईक बदललं. पुढे या गोष्टीत हे पुन्हा पुन्हा होणार आहे.

उत्तर किनाऱ्यावर एक जुनी रीत होती. फिनलंडच्या आखातातल्या बेटांवरचे लोक खारवलेली मासळी घेऊन यायचे, आणि इथल्या शेतकऱ्यांकडून राई, बटाटे घेऊन जायचे. प्रत्येक कुटुंबाचं पलीकडे एक ठरलेलं कुटुंब असे. पैसा क्वचितच मध्ये यायचा. याला नावही 'मित्रव्यापार' असंच होतं. दोन्ही भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या की दुभाषा लागत नसे.

मग फिनलंडनं १९१९मध्ये दारूबंदी आणली, आणि मित्रव्यापाराला नवा माल मिळाला. बटाट्यापासून काढलेलं एस्टोनियन स्पिरिट रात्रीच्या अंधारात पलीकडे जाऊ लागलं. पहारेकऱ्यांची बोट दिसली की सोडून देता यावेत म्हणून डबे जोडून पाण्याखालून ओढत नेत. १९३२ साली बंदी उठेपर्यंत उत्तर किनाऱ्यावर बरीच घरं या पैशातून उभी राहिली. मैत्रिणीनं तिच्या गावातली दोन घरं मला दाखवली. 'ही रैमची नाहीत,' एवढंच म्हणाली.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा समुद्र तेव्हा दोन देशांच्या मधला रस्ता होता. कायदेशीर असो वा बेकायदा, लोक त्यावरून ये-जा करत होते. होडी चालवणं म्हणजे शेजाऱ्याकडे जाणं होतं.

फणी फिरवलेली वाळू

१९४०मध्ये सोव्हिएत सत्ता आली, १९४१मध्ये जर्मन आले, १९४४मध्ये लाल सैन्य परतलं. पहिल्या सोव्हिएत वर्षाची आठवण ताजी होती. जून १९४१मध्ये एका झटक्यात सुमारे दहा हजार माणसं सैबेरियाकडे रवाना झाली होती. त्यामुळे १९४४च्या शरदात ज्यांना शक्य झालं ते पळाले. एकूण सत्तर-ऐंशी हजारांनी देश सोडला. त्यातले हजारो मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला गेले. चार-पाच माणसांच्या होडीत वीस-पंचवीस, शरदातलं वादळी पाणी, वर विमानं. किती बुडाले याचा नीट हिशेब कधीच लागला नाही. बेटांवरचे स्वीडिश भाषक मच्छीमार, जे मध्ययुगापासून तिथे होते, तेही त्याच सुमारास जवळजवळ सगळे गेले. व्होर्म्सी, रूह्नू ही बेटं ओस पडली.

मैत्रिणीच्या आजीचा मोठा भाऊ त्यातल्याच एका होडीत होता. आजी तेव्हा चौदा वर्षांची. होडीत जागा एकाचीच होती, म्हणून तो गेला आणि ती आईपाशी राहिली. तो पोचला हे तिला कित्येक वर्षांनी, एका पत्रावरून कळलं.

नव्या सत्तेला यातून एकच अर्थ दिसला : होडी म्हणजे पळून जायचं साधन. किनारा सरहद्दीचा प्रतिबंधित पट्टा झाला. तिथे जायला परवाना, राहायला परवाना. उरलेल्या होड्या कुलपात, नोंदणी करून. समुद्रात जायचं तर पहारा-चौकीवर नाव लिहायचं, ठरल्या वेळी परत यायचं. कित्येक गावांत होड्या कापून टाकल्या गेल्या, किंवा किनाऱ्यावरच कुजल्या. जागोजागी काटेरी तार आली, टेहळणीचे मनोरे आले, रात्री प्रकाशझोत पाण्यावरून फिरू लागले. पुळणीवर संध्याकाळी फणी फिरवत, म्हणजे पहाटे नवं पाऊल उमटलेलं दिसलं तर कुणीतरी गेलं किंवा आलं हे कळावं.

आजी अगदी शेवटपर्यंत, म्हणजे देश पुन्हा स्वतंत्र होऊन वीस वर्षं झाली तरी, अंधार पडायला लागला की नातवंडांना पुळणीवरून घरात बोलवायची. कारण विचारलं तर म्हणायची, थंडी पडते.

समुद्राकाठच्या माणसाचा समुद्र असा गेला. मासे तिथेच होते, किनारा तिथेच होता. मधलं अंतर फक्त दोनशे पावलांचं, पण ते चालायला कागद लागत होता.

सोव्हिएत संघातला श्रीमंत कोलखोझ

मार्च १९४९मध्ये पुन्हा वीस हजारांवर माणसं सैबेरियाला पाठवली गेली, आणि त्या धाकानं सामूहिकीकरण झपाट्यानं उरकलं. शेतकऱ्यांचे कोलखोझ तसे मच्छीमारांचेही कोलखोझ झाले. होडी, जाळं, शेड, सगळं सामूहिक मालकीचं. आता यापुढची कथा दुःखाचीच असणार, अशी माझी अपेक्षा होती. ती तशी नाही, आणि म्हणूनच मला ती समजायला वेळ लागला.

टालिनच्या ईशान्येला वीम्सी नावाचं भूशिर आहे. आज तिथे सुखवस्तू लोकांची घरं आहेत. माझ्या ऑफिसातले दोन व्यवस्थापक तिथेच राहतात. १९५०च्या सुमारास तिथल्या छोट्या मच्छीमार कोलखोझांना एकत्र करून 'किरोव्ह' कोलखोझ तयार झाला. त्याचा अध्यक्ष ओस्कार कूल हा माणूस या गोष्टीतला दुसरा विलक्षण मनुष्य. कोलखोझला सरकारी कारखान्यापेक्षा थोडी जास्त मोकळीक असते, हे त्यानं नेमकं हेरलं. पकडलेला मासा सरकारला कच्चा विकला तर भाव ठरलेला. तोच मसाला लावून, डब्यात भरून, झाकणावर शहराचं चित्र छापून विकला तर नफा कोलखोझचा. त्या नफ्यातून बोटी, बोटींच्या दुरुस्तीचा कारखाना, बांधकाम विभाग आणि मासळीशी काडीचा संबंध नसलेले असंख्य जोडधंदे. सभासदांसाठी घरं, दवाखाना, बालवाड्या, खेळाची मैदानं. पगार शहरातल्या इंजिनियरला हेवा वाटावा असे. मॉस्कोहून पाहुण्यांच्या गाड्या भरभरून 'आदर्श मच्छीमार कोलखोझ' बघायला येत. सोव्हिएत संघातल्या सर्वांत श्रीमंत कोलखोझांत त्याचं नाव घेतलं जाई.

मैत्रिणीची आजी तिच्या गावाहून कामासाठी इकडे आली आणि डबाबंदीच्या विभागात लागली. किलू एकेक करून हातानं, पोटाची बाजू एकीकडे आणि पाठ दुसरीकडे अशा ओळीत रचायचे. ती या नोकरीबद्दल कधीही वाईट बोलली नाही. दोन खोल्यांचं घर मिळालं, मुलीला गाणं शिकवता आलं, सुट्टीत क्रिमियाला जाता आलं. नवीन वर्षाच्या रात्री व्लादिवोस्तोकपासून कीव्हपर्यंत टेबलावर आपण भरलेला डबा असतो, याचा तिला अभिमान होता.

तारेपलीकडचा समुद्र तर मात्र बंदच. टालिन हे बंदराचं शहर असून त्याचा बराचसा किनारा गोद्या, कारखाने आणि लष्करानं अडवलेला होता. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या शिडाच्या बोटींच्या शर्यती टालिनला झाल्या, त्यानिमित्त शहराचा काही भाग पाण्याकडे उघडला, तेव्हा लोकांना आपण समुद्राकाठी राहतो याची नव्यानं जाणीव झाली, असं इथले वयस्क लोक सांगतात. आजीनं हजारो झाकणं बंद केली असतील. झाकणावरचं शहर समुद्रातून बघितलेलं होतं, आणि ती रोज ते जमिनीवर उभी राहून बघत होती.

मोठे ट्रॉलर मात्र दूर जात होते. टालिनच्या सरकारी ताफ्याची जहाजं उत्तर अटलांटिकपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत फिरत. बायकामुलं घरी असलेल्या, तपासून घेतलेल्या खलाशांनाच बंदरं दिसायची. १९७७च्या सुमारास एकामागून एक देशांनी आपल्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांचा पट्टा स्वतःचा म्हणून जाहीर केला आणि ती दूरची कुरणं आक्रसली. ताफा तरीही चालूच राहिला, कारण डिझेल जवळजवळ फुकट होतं आणि तोटा कुणाच्याच खात्यावर पडत नव्हता.

गिऱ्हाईक पुन्हा बदललं

१९९१मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. डिझेल जागतिक भावानं घ्यावं लागलं, आणि महासागरातली जहाजं एकेक करून विकली गेली. कोलखोझांचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या. ज्यांच्या हाती शेअर आले त्यांतल्या काहींचं भलं झालं, डबे रचणाऱ्या बायकांच्या हाती फारसं काही आलं नाही. आजीला बेकारी भत्ता मिळाला, आणि किनारा मिळाला. तार काढली गेली. वयाच्या साठीत तिला हवं तेव्हा पुळणीवर जाता येऊ लागलं.

डबे मात्र अजून जुन्याच गिऱ्हाइकाकडे जात होते. रशियानं नव्वदीच्या दशकाच्या मध्यात एस्टोनियन मालावर दुप्पट जकात लावली. १९९८मध्ये रूबल कोसळला आणि मासळीचे कित्येक कारखाने बसले. २००४मध्ये देश युरोपीय संघात गेला. जून २०१५मध्ये रशियानं स्वच्छतेचं कारण देऊन एस्टोनिया आणि लाटव्हियाच्या डबाबंद मासळीवर सरसकट बंदी घातली. मग गोठवलेला मासा युक्रेनकडे वळला, आणि २०२२मध्ये तिथे युद्ध पेटलं. एका बोटभर माशाच्या डोक्यावर एवढं राजकारण.

पाण्यातही बदल होत होते. बाल्टिकमधल्या कॉड माशाची अंडी तरंगायला पुरेसं खारं पाणी लागतं. ते कमी पडलं की अंडी तळाशी जातात, आणि तळाच्या पाण्यात प्राणवायू नसतो, कारण शेतांतली खतं वाहून येऊन शेवाळ माजतं आणि कुजतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉड भरभरून मिळत होता. नंतर घसरला, तो घसरतच गेला. २०१९मध्ये पूर्व बाल्टिकमधली त्याची मासेमारी थांबवावी लागली.

आता हिशेब कोट्यावर चालतो. दर ऑक्टोबरमध्ये युरोपीय मंत्री लक्झेंबर्गला बसून ठरवतात की पुढच्या वर्षी कुणी किती टन रैम आणि किलू पकडायचा. एस्टोनियात मोठ्या बोटींना त्यांच्या आधीच्या पकडीच्या प्रमाणात वाटा मिळतो आणि तो वाटा विकता येतो. परिणाम उघड आहे. छोटे विकत गेले, मोठे घेत गेले. बोटी थोड्या उरल्या आणि मालक त्याहून थोडे. पकड ठरावीक मर्यादेत राहायला याची मदत झाली, हे खरं. किनाऱ्यावरचा एकटादुकटा मच्छीमार मात्र जवळच्या पाण्यात पर्च आणि इतर किरकोळ मासळी धरतो, आणि सील जाळी फाडतात म्हणून बोटं मोडतो. बारा मीटरहून मोठ्या बोटींना पकडीची नोंद इलेक्ट्रॉनिक वहीत करावी लागते. माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेका रकान्यात.

२०२३मध्ये युरोपीय आयोगानं मध्य बाल्टिकमधल्या हेरिंगची थेट मासेमारी बंद ठेवायचा प्रस्ताव मांडला. मंत्र्यांनी मोठी कपात केली, पण ती चालू ठेवली. बातमी वाचताना मला बेअर आठवला. मोजणाऱ्यानं आकडा सांगायचा, आणि खोलीतल्या बाकीच्यांनी त्याची घासाघीस करायची, हे १८५१पासून तसंच चालू आहे. एका सरोवरावर मात्र निराळं दृश्य आहे : पेइप्सीत एस्टोनिया आणि रशिया १९९४च्या करारानुसार संयुक्तपणे कोटा ठरवतात. राजधान्यांमधले संबंध कसेही असोत, मासा सरहद्द ओळखत नसल्यामुळे तो मोजायला दोघांनाही एकमेकांचे आकडे लागतात.

पाळलेले मासे, सोडलेले मासे

मग समुद्रावर अवलंबून का राहायचं, मासे पाळायचे का नाहीत? मलाही हाच प्रश्न पडला. उत्तर असं की पाळले जातात, पण फार थोडे. समुद्रातून दरवर्षी दहा-दहा हजारांच्या हिशेबात टन मासा येतो, आणि तळ्यांतून, टाक्यांतून मिळून हजार टनांच्या आतबाहेर. त्यातही बराचसा रेनबो ट्राउट, जो मूळचा उत्तर अमेरिकेचा. किनारा उथळ, हिवाळ्यात बर्फ, पिंजरे उभे करावेत अशा खोल, आडोशाच्या फ्योर्ड इथे नाहीत, आणि शेजारी नॉर्वेचा स्वस्त सामन. शिवाय पिंजऱ्यातल्या माशांची विष्ठा आधीच खतानं घुसमटलेल्या समुद्रात किती सोडायची, हा प्रश्न आहेच.

त्यापेक्षा मला दुसरा प्रकार जास्त ओढून घेतो : खाण्यासाठी नव्हे, परत सोडण्यासाठी वाढवलेले मासे. पन्नाशीच्या दशकात नार्वा नदीवर जलविद्युत धरण झालं आणि ईल माशाची वाट बंद झाली. ईल जन्मतो अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्रात, वाढायला युरोपच्या गोड्या पाण्यात येतो. व्हर्त्स्यार्व सरोवरात तो आता आपला आपण पोचू शकत नाही. म्हणून १९५६पासून पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर पकडलेली काचेसारखी पारदर्शक पिल्लं आणून तिथे सोडली जातात. एका धरणाची चूक सत्तर वर्षं हातानं भरून काढणं चालू आहे.

सामनचंही तसंच. पोलुला इथल्या सरकारी केंद्रात १९९०च्या दशकापासून सामनची पिल्लं वाढवून उत्तरेच्या नद्यांत सोडली गेली. पण नदीच अडवलेली असेल तर पिल्लू परत येऊन करणार काय? पार्नू नदीवर सिंदी गावी एकोणिसाव्या शतकात कापडाच्या गिरणीसाठी बांध घातला होता, पुढे सोव्हिएत काळात तो काँक्रीटचा झाला. मागे जवळपास अख्ख्या नदीचं खोरं सामनला बंद. २०१८-१९मध्ये तो बांध पाडला. आता तिथे दगडगोट्यांवरून पाणी खळाळतं.

मी आणि मैत्रीण गेल्या सप्टेंबरात तिथे जाऊन आलो. सामन दिसला नाही. काठावर एक आजोबा गळ टाकून बसले होते. त्यांना विचारलं, सामन आले का परत? ते म्हणाले, येतील, त्यांना घाई नाही.

परतताना मैत्रिणीनं पार्नूच्या बंदराजवळ गाडी थांबवली. आजी वारली तेव्हा तिच्या कपाटात न उघडलेले किलूचे सहा डबे सापडले होते, तिनं स्वतः भरलेले, सोव्हिएत काळातले. खाण्यालायक नव्हतेच. पाच टाकून दिले, एक मैत्रिणीकडे आहे. तिनं ठरवलं होतं की आजीची रक्षा समुद्रात सोडायची, किनाऱ्यापासून थोडं आत, जिथून झाकणावरचं शहर दिसतं तिथे. तसं केलंही. मोटरबोट भाड्यानं घेतली, परवाना वगैरे काहीच लागला नाही. 'फोनवर पैसे भरले आणि निघालो,' ती म्हणाली. 'पाच मिनिटांत. मला रडू आलं ते त्याचंच.'